कानटोपीतले एसी मिस्त्री

‘एकदाच या.’

तलासरीला हायवेच्या कडेला एका दुकानावर ही पाटी होती. निळा पत्रा, त्यावर पांढऱ्या रंगात हाताने काढलेली अक्षरं आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, ‘कार एसी’. मी शाळेत ग्रंथपाल. चुकीची पाटी दिसली की मला राहवत नाही. पहिल्याच भेटीत मी जरा चाचरत म्हटलं, “मिस्त्री, ‘एकदा तरी या’ असं लिहायचं होतं का?”

“नाही हो सर. बरोबर आहे ते. दुसऱ्यांदा यावं लागलं तर मी पहिल्यांदा काय केलं?”

आणि मग मागे टायरींवर बसलेल्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला आपला नियम सांगितला. त्याच तक्रारीने गाडी दुसऱ्यांदा आली, तर माफ, माणूस चुकतो. तिसऱ्यांदा आली, तर पाटी खाली उतरवायची आणि पुन्हा चढवायची नाही. हा नियम त्यांनी स्वतःच केलेला आणि स्वतःच हायवेभर सांगितलेला. समोरचा पंक्चरवाला म्हणे तीन वर्षं त्या तिसऱ्या फेरीची वाट बघत होता.

मिस्त्री गेल्याचं मला मागच्या पंधरवड्यात त्या पंक्चरवाल्यानेच फोन करून कळवलं. त्या दिवसापासून मी लिहायला बसतोय. एक पान व्हायला दोन संध्याकाळी लागतात. जड मनाने लिहायचं असं ठरवतो, पण दुकानाशेजारच्या त्या चिंचेखालचं काहीही आठवलं की छाती भराभर उडू लागते, जणू आताच बॉनेट उघडलंय आणि मिस्त्री आत वाकून म्हणतायत, “सापडतंय, सापडतंय, कुणी बोलू नका!”

त्यांना पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास हसायचा. मे महिना, डांबर वितळतंय, ट्रकवाले अंगावर पाण्याच्या बाटल्या ओततायत, आणि हे लोकरीची तपकिरी कानटोपी घालून, गळ्याला मफलर गुंडाळून बसलेले. दिवसभर लोकांच्या गाड्यांत काचा लावून, एसी पूर्ण सोडून पंधरा पंधरा मिनिटं बसायचं म्हणजे सर्दी कायमची. बाहेर आले की चष्म्यावर वाफ धरायची. मग ते आंधळ्यासारखे हात पुढे करून चहाच्या टपरीकडे जायचे आणि टपरीवाल्या भाभी त्यांच्या हातात बरोबर ग्लास द्यायच्या. भाभी पलीकडच्या, गुजरातेतल्या. अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलायच्या आणि मिस्त्रींवर सारख्या खेकसायच्या. “शिमल्याहून आलात काय? लो, पियो.”

दुकानात पंखा नव्हता. एवढा एसीचा माणूस आणि पंखा नाही, असं कुणी म्हटलं की ते म्हणत, “हलवायाला पेढे देता का?”

गाडी आल्या आल्या तिला हात लावायचा नाही, ही त्यांची सगळ्यात मोठी खोड. आधी ती चिंचेखाली लावायची. बॉनेट उघडायचं नाही, किल्ली काढून त्यांच्या हातात द्यायची आणि अर्धा तास विसावा. “लांबून आलेल्या पाहुण्याला दारातच विचारता का, तुम्हाला काय आजार आहे? पाणी देता ना आधी? आणि उन्हातून धावत आलेल्याचा ताप मोजून काय कळणार?” घाई असलेली माणसं चिडायची. चिडून काही फायदा नसे, किल्ली त्यांच्या मफलरीच्या गाठीत अडकवलेली असायची.

त्या अर्ध्या तासात चौकशी व्हायची, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला. “गाव?”

गाव सांगितलं की आजार सांगायचे. मला हे सुरुवातीला थोतांड वाटलं होतं. पण मी स्वतः शेजारी बसून डझनावारी वेळा ते खरं होताना पाहिलंय. घोलवडची गाडी म्हटली की ते म्हणत, पाला. चिकूच्या झाडाखाली उभी राहते, पुढच्या काचेखालच्या जाळीतून सुकी पानं आणि फुलं आत जातात, हवेची वाट बंद. कासाची, चारोटीची गाडी म्हणजे धूळ आणि किडे. हायवेवरचे पाखरू-पतंग पुढच्या जाळीत बसून त्यांचा थर होतो, गरम बाहेर पडत नाही. समुद्राजवळची, डहाणू गावातली गाडी म्हणजे खारं वारं. कंडेन्सरला, म्हणजे पुढच्या जाळीमागच्या नळ्यांना, बारीक भोकं पडतात आणि गॅस निसटतो. तलासरीच्या पूर्वेच्या पाड्यांतली असेल तर उंदीर. घरात भात, भातामागे उंदीर, उंदरामागे वायर. “आणि वापीवरून आला असाल,” ते बोट नाचवत म्हणत, “तर आजार मेकॅनिकचा. तिकडे गळती न शोधता नुसता गॅस भरून देतात.”

एकदा कोसबाडचा एक तरुण मास्तर आला. गाडी चालू असताना गार, रेल्वे फाटकाशी थांबली की गरम. मिस्त्रींनी माझ्याकडचं वर्तमानपत्र मागितलं. आधी त्यातला अग्रलेख पूर्ण वाचला, मग पान फाडून, इंजिन चालू असताना, गाडीच्या पुढच्या जाळीला लावून हात काढला. कागद घसरून खाली पडला. “बघा. चिकटायला पाहिजे होता. आतला पंखा फिरत नाही. गाडी धावते तेव्हा वारा त्याचं काम करतो, थांबली की उघडं पडतं. आपल्या सगळ्यांचं असंच असतं म्हणा.” पंख्याला वीज पोचवणारं एक छोटं रिले बदललं आणि तोच कागद जाळीला असा घट्ट बसला की मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी सहसा कुठे टाळ्या वाजवत नाही.

त्यांचं एक वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. “एसी थंडी बनवत नाही, सर. तो हमाल आहे. आतली गरमी डोक्यावर घेतो आणि बाहेर टाकून येतो. हमाल आजारी का पडला ते नंतर बघा. आधी बघा, त्याची वाट कुणी अडवली.”

पांढऱ्या कपड्यांतल्या त्या बड्या गृहस्थांची गोष्ट तर सांगायलाच हवी. मोठी गाडी, ड्रायव्हर, मागच्या सीटवर घामाघूम साहेब. उतरता उतरताच हुकूम सोडला, “गॅस भर. पंधरा मिनिटांत निघायचंय.”

“आधीचा गॅस कुठे गेला?” मिस्त्री.

“संपला असेल.”

“संपायला तो पेट्रोल आहे का साहेब? बंद नळीतला गॅस. फिरत राहतो बिचारा. गेला म्हणजे कुठूनतरी पळालाय. भोक तसंच ठेवून माठ भरू?”

“तुला भरायचाय की नाही?”

“नाही,” असं म्हणून मिस्त्रींनी त्यांच्या हातात दाढीचा ब्रश दिला.

साहेब ब्रशकडे बघतच राहिले. मिस्त्री गळती शोधायला नळ्यांत दाबाने हवा सोडत आणि प्रत्येक सांध्याला रिठ्याचा फेस लावत. जिथे फुगा येईल तिथे भोक. हे काम ते गिऱ्हाइकाकडूनच करून घ्यायचे. “गाडी तुमची, चोर तुमचा, तुम्हीच पकडा.” साहेब आधी तुच्छतेने, मग नाइलाजाने वाकले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. एक सांधा, दुसरा, तिसरा. ड्रायव्हर धरलेली छत्री विसरून गेला. आणि एकदम साहेब ओरडले, “आला! आला! हा बघा, फुगा! भाभी, अहो इकडे या, बघा!” मोत्याएवढा फुगा. फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. पांढऱ्या सदऱ्यावर काळा पट्टा उमटलेला, कोपराला ग्रीस, आणि साहेब त्या फुग्याकडे असे बघत होते जसे नातवाकडे बघावं. पंधरा मिनिटांसाठी आलेले साहेब दीड तास थांबले, दोनदा चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, “मिस्त्री, पुन्हा कधी येऊ?”

मिस्त्रींनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं.

आता माझ्या गाडीचं. ती पाटी माझ्या गाडीने उतरवली, आणि ते लिहायचं म्हणूनच बहुधा मी इतकी पानं वळसे घेतोय.

माझी गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची. नोटबंदीच्या आदल्या उन्हाळ्यात तिचा एसी बंद पडला. मी राहतो डहाणूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण आमचं मूळ घर तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडे. आई तिथूनच माझ्याकडे राहायला आली होती, आणि येताना वर्षाचं भात घेऊन आली होती. मिस्त्रींनी विचारलं, “गाव?” मी म्हटलं, “डहाणू, किनाऱ्याला.” “मग कंडेन्सर,” म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं आणि थबकले. गॅस फिरवणाऱ्या कंप्रेसरची वायर कुरतडलेली होती.

“डहाणूच्या गाडीला तलासरीचा आजार?”

आईची कणगी ओट्यावर, ओट्याला लागून गाडी, हे मी सांगितल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कानटोपी काढून डोकं खाजवलं. नवी वायर टाकली. आई सोबत होती. तिला हात जोडून म्हणाले, “मावशी, उंदरापासून जपा हिला. एवढं तुमच्याकडे लागलं.”

“जपते की,” आई म्हणाली. “आमाला काय उंदीर नवीन हायत?”

तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा गरम. तासभर छान गार, मग काही नाही. तलासरीला नेली. चिंचेखाली अर्धा तास विसावा झाला, मिस्त्री आत बसले, आणि एसी असा सुरू झाला की त्यांची मफलर गारठली. त्यांनी गॅस मोजला, पंखा बघितला, फेस लावला. एका सांध्याला नखाएवढा बुडबुडा सापडला. “हाच! खारं वारं! डहाणूची गाडी शेवटी डहाणूच्याच आजारावर आली.” सांधा बदलला. पंक्चरवाला समोरून ओरडला, “दोन झाल्या हां, मिस्त्री! शिडी पुसून ठेवू?”

“तुझ्या पंक्चरी मोज,” मिस्त्री म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी मला निघताना दोनदा विचारलं, “काही वाटलं तर सांगाल ना?”

दहा दिवसांनी ती पुन्हा गरम झाली. आणि मी सांगितलं नाही.

कसं सांगणार? तिसऱ्यांदा गाडी नेली की पाटी उतरणार. त्या माणसाचं सगळं ऐटबाज वेड त्या निळ्या पत्र्यावर टांगलेलं, आणि तो काढायला लावणारी गाडी माझी. मी काचा उघड्या ठेवून फिरू लागलो. वापीला नेऊन गुपचूप दाखवावी असंही ठरवत होतो. तेवढ्यात आईच्या भावाच्या घरी लग्न निघालं, आणि तिकडे जायची वाट तलासरीवरूनच. दुकानासमोरून न थांबता जावं, तर भाभींनी लांबूनच हात केला. थांबलो. म्हटलं चहा घेऊन निघू.

मिस्त्री हसत आले. एकदम त्यांचं हसू गेलं.

“सर, मे महिन्यात काचा उघड्या का?”

“आईला वारा आवडतो,” मी म्हटलं.

“कुटला वारा?” आई मागच्या सीटवरून पदराने तोंड पुसत म्हणाली. “ह्याचा थंडा बंद पडलाय. आठ दिस झाले. मला भाजून काढलं, अन् वर सांगतो वारा.”

भाभींच्या हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं. “मिस्त्री,” त्या हळूच म्हणाल्या, “त्रण.” तीन. समोर पंक्चरवाल्याने ऐकलं आणि त्याने खरोखरच शिडी बाहेर काढली. दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, “घाई नाही. आरामात.”

मिस्त्रींनी शिडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, “तुम्ही लपवलंत. माझी लाज राखायला लपवलंत ना? सर, आजार लपवलेल्या माणसाला वैद्य काय करणार?” मग पंक्चरवाल्याला म्हणाले, “सूर्य मावळेपर्यंत आहे ना वेळ? का आताच चढू?”

“मावळेपर्यंत,” पंक्चरवाला म्हणाला. “आपण काय कसाई आहोत?”

गाडी चिंचेखाली गेली. किल्ली मफलरीत गेली. अर्ध्या तासाने मिस्त्री आत बसले, काचा लावल्या, आणि पाच मिनिटांत काचेवर बाहेरून वाफ धरली. बर्फासारखा गार. ते बाहेर आले, पुन्हा आत गेले. गॅस ठीक, पंखा ठीक, कंप्रेसर टक् करून लागतोय, टक् करून सुटतोय. कंडेन्सर धुतला. पुन्हा बसले, पुन्हा गार. बाहेर येऊन ते पाटीखाली उभे राहिले आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. दुपार कलायला लागली होती. आम्ही लग्नाला जायचं विसरून गेलो होतो. भाभी गिऱ्हाइकांना साखर न घालता चहा देत होत्या आणि कुणी तक्रार करत नव्हतं.

आई चिंचेच्या मुळावर बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, “ती तुमच्याकडंच बरी होते.”

“काय म्हणालात मावशी?”

“लहानपणी ह्याचं असंच होतं. शाळेत गेला की पोट दुकायचं, घरी निजवला की बरा. वैदू घरी यायचा तर हा खेळतोय. तशी ही गाडी. सावलीत बसवली की बरी. तुमी बगता तवा बरीच असणार.”

मिस्त्री जागच्या जागी थिजले. मग त्यांनी मफलरीची गाठ इतक्या जोरात ओढली की किल्ली उडून आईच्या पदरात पडली.

“विसावा!” ते ओरडले. “विसावाच घात करतोय! मीच तिला बरी करून मग तपासतोय! सर, बसा. स्टीअरिंगला बसा. मावशी, मागे. आता थांबायचं नाही. मरेपर्यंत चालवायची.”

आम्ही निघालो. मिस्त्री माझ्या शेजारी कानटोपी घालून, मांडीवर स्क्रूड्रायव्हर, बोटांत वर्तमानपत्राची एक पट्टी. ती पट्टी त्यांनी हवेच्या झडपेसमोर धरली, ती फडफडू लागली. “बोलू नका,” ते म्हणाले. तेच सतत बोलत होते. “तलासरी मागे पडलं... गार आहे... अजून गार आहे... ट्रकच्या मागेच ठेवा, सावकाश... मावशी, थंडी वाजते का?”

“वाजते.”

“छान! सांगत राहा!”

हायवेवर इतक्या आतुरतेने कुणी काही बिघडण्याची वाट पाहिली नसेल. मी मनातल्या मनात गाडीला विनवत होतो, बाई, आज तरी बिघड. पाऊण तास झाला. चारोटी जवळ आली. आणि मिस्त्रींच्या बोटांतली ती कागदाची पट्टी, जी इतका वेळ फडफडत होती, हळूच वाकली. थोडी अजून वाकली. ब्लोअरचा आवाज तोच, पण पट्टी सुकलेल्या पानासारखी लोंबायला लागली.

“सर,” ते कुजबुजले. “वाराच येत नाहीये. गार-गरम सोडा, वाराच नाही.”

“हो, नेहमी असंच होतं. आधी वारा मंद होतो, मग...”

“हे तुम्ही आज सांगताय?”

“तुम्ही विचारायचात, गार येतं का. मी म्हणायचो, येत नाही.”

“ग्रंथपाल!” एवढंच ते म्हणाले, आणि ती मला मिळालेली सगळ्यात मोठी शिवी आहे. “कडेला घ्या! आता, लगेच!”

गाडी पूर्ण थांबायच्या आत त्यांनी समोरचा कप्पा उपसून माझ्या मांडीवर टाकला. आईची चिल्लर, माझी पुस्तकाची खूण, टॉर्च, सगळं खाली. कप्प्यामागे एक चपटी खाच होती. फिल्टर बसवायची जागा, पण आमच्या गाडीत फिल्टर कधी बसवलेलाच नव्हता. मिस्त्रींनी टॉर्च आत मारला आणि त्यांच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला.

आत पांढरं होतं. कूलिंग कॉइलवर बोटभर जाडीचा बर्फ धरला होता. वाऱ्याला जायला जागाच नव्हती. त्यांनी हात घातला, खरवडला, आणि मे महिन्याच्या भर उन्हात, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात असताना, त्यांच्या तळहातावर बर्फाचा गोळा होता. त्यांनी तो मला दाखवला. काचेतून आईला दाखवला. शेजारून जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यालाही दाखवला.

“आणि अर्धा तास सावलीत ठेवली की हा वितळणार! माझ्याच चिंचेखाली! मी तपासायला बसणार तेव्हा पुरावा पाणी होऊन खाली गेलेला!” मग त्यांनी डोळे बारीक केले. बर्फात हिरवं काहीतरी अडकलं होतं. चुरा झालेला पाला. त्यांनी हुंगला. “हा चिकूचा नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर हा पाला कुठून आला? हे काय आहे?”

“निगडी हाय,” आई म्हणाली. “मीच ठेवते.”

आम्ही दोघेही मागे वळलो.

“निरगुडी?” मी म्हटलं. “कुठे ठेवतेस?”

“काचेखाली ती जाळी नाय का? तिच्यात खोसते, दर शनवारी. तू आंघोळीला गेला का. भाताच्या कणगीत नाय ठेवत का आपण? कीड नाय, उंदीर नाय. ह्यांनीच सांगितलं ना, जपा म्हणून. जपते मी. जुना पाला आपोआप आत जातो, मी नवा लावते.” आणि जरा अभिमानाने, “उंदीर आला का मंग परत? वायर तोडली का?”

उंदीर आला नव्हता. वायर धड होती. आईने काम चोख केलं होतं. तिने लावलेला तो पाला आठवड्यामागून आठवडे वाऱ्याबरोबर आत जाऊन, ओला होऊन, कॉइलवर अर्धी चादर अंथरून बसला होता. वारा अडला की कॉइल गोठते. थंडी मोजणारी तार दुसऱ्या कोपऱ्यात, तिला पत्ता नाही. हमालाची वाट अडवली होती ती मिस्त्रींच्या स्वतःच्या सल्ल्याने.

मिस्त्री रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि हसायला लागले. कानटोपी हातात, खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. बर्फ बोटांतून गळत होता. आईला आधी राग आला, मग तीही हसू लागली. मी त्या दोघांकडे बघत उभा राहिलो, आणि इतक्या वर्षांत मी इतका खूश कधी झालो नव्हतो. पाटी वाचली होती! सूर्य अजून कासरा-दोन कासरे वर होता.

परत तलासरीला आलो तेव्हा भाभी रस्त्यावर उभ्या होत्या. मी काच खाली करून ओरडलो, “सापडलं!” पंक्चरवाल्याने भिंतीची शिडी उचलून खांद्यावर घेतली आणि म्हणाला, “चला, ठीक आहे. जिंकला म्हातारा.”

“शिडी ठेव,” मिस्त्री म्हणाले.

“का?”

“तिसऱ्यांदा आली ना गाडी? आली. मग?”

“अरे पण सापडलं ना! सूर्याच्या आत सापडलं!”

“ते तू दिलेला वेळ. माझा नियम तिसऱ्यांदा येण्याचा होता.” त्यांनी हात पुढे केला. “आण.”

पंक्चरवाला दोन पावलं मागे सरला. तीन वर्षं तोच तर त्या दिवसाची वाट बघत होता. शिडी छातीशी धरून तो म्हणाला, “नाही देणार.”

“वेडेपणा करू नकोस.”

“माझी शिडी आहे. नाही देणार जा.”

भाभी मध्ये पडल्या, मी मध्ये पडलो. मी म्हटलं, चूक आईची आहे, चूक माझी आहे, मी नीट सांगितलं नाही. आई म्हणाली, निगडीची आहे. मिस्त्रींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. “चूक चिंचेखालची आहे,” ते म्हणाले. “किती गाड्यांना मी बरं करून मग तपासलं असेल? त्या परत आल्या नाहीत म्हणजे बऱ्या झाल्या असं धरलं मी. कदाचित वापीला गेल्या असतील.”

मग ते पंक्चरवाल्याच्याच टायरींच्या थप्पीवर चढले, दोन खिळे उपसले आणि पाटी उतरवली. फार काही झालं नाही. भिंतीवर चौकोनी, उन्हाने न विटलेला निळसर डाग राहिला. पाटी त्यांनी आत नेऊन ठेवली. पंक्चरवाला शिडी धरून तसाच उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते.

तेवढ्यात गुजरातेकडून एक गाडी आली, काचा उघड्या, आतला माणूस लाल झालेला. त्याने ब्रेक मारून विचारलं, “एसीवाला इधरही बैठता है क्या? बोर्ड तो नहीं है।”

मिस्त्रींनी कानटोपी डोक्यावर चढवली, ओढून कानांवर घेतली. चिंचेकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ जाऊन त्या माणसाच्या शेजारचं दार उघडलं आणि आत बसले.

“बंद मत करो,” ते म्हणाले. “चलो. चलाते रहो.”

तो माणूस गोंधळून आमच्याकडे बघत होता. आम्ही चौघांनी एकदम हात केला, जा, जा म्हणून. गाडी निघाली. काचा वर गेल्या. तपकिरी कानटोपी ट्रकांच्या रांगेत लहान होत गेली.

आई बराच वेळ त्या दिशेने बघत राहिली. “आता हे परत कदी यायचे?” तिने विचारलं.

भाभींनी चुलीवर नवं पाणी ठेवलं. “गाडी बिगडली,” त्या म्हणाल्या, “की येतील.”